बाबांचा एक्सपी, माझं उबुंटू आणि एक शनिवार रात्र

एक साधंसं अपडेट, पाठोपाठ तीन एरर आणि ३८ जीबीच्या एका फाइलमध्ये अडकलेलं बाबांचं पुस्तक! लिनक्सवरचं व्हर्च्युअल मशिन बंद पडल्यावर काय काय होतं, आणि ते परत उभं कसं करायचं, याची ही आँखों देखी...

शनिवारची रात्र. गँग कोरेगाव पार्कला जमलेली. मोबाइलवर दर पाच मिनिटांनी 'कुठेयस?' चालू. आणि मी? कोथरूडच्या घरी, डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून, घामाघूम होऊन बसलेली. समोर एक छोटीशी चौकट. तिच्यात लिहिलं होतं, 'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड', आणि पुढे कंसात आरसी, उणे १९०८.

तुम्ही म्हणाल, एवढं काय? रीस्टार्ट मार आणि जा पार्टीला. मी तेच केलं होतं. चार वेळा.

ही गोष्ट आहे २०२५ च्या ऑगस्टमधली. सोमवारी सकाळी दहा वाजता शनिवार पेठेतल्या छापखान्यात ९६ पानांची पीडीएफ द्यायची होती. छापखान्याचे मालक स्पष्टच बोलले होते, 'ताई, सोमवारी आलं तर सहा फर्मे लावून टाकतो. मंगळवारी आलात तर गणपती, मग दिवाळी अंक. नोव्हेंबरपर्यंत विसरा.' आणि पुस्तक हवं होतं सप्टेंबरमध्ये. बाबांच्या वाढदिवसाला. बाबा नाहीत, वाढदिवस मात्र आई अजून करते.

पेजमेकरमधले बाबा

माझे बाबा नारायण पेठेत डीटीपी करायचे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, असं सगळं. दिवसा लोकांचं टाइप करायचे आणि रात्री शटर अर्धं ओढून स्वतःचं. ललित लेख. काही छोट्या मासिकांत छापून आले, काही कुठेच नाही. असे २३ लेख त्यांनी पुस्तकाच्या आकारात स्वतःच लावून ठेवले होते. पेजमेकरमध्ये, त्या काळातल्या मराठी फाँटमध्ये, विंडोज एक्सपीवर.

इथे थोडा टेक्निकल लोचा समजून घ्या. आज आपण मोबाइलवर जे मराठी टाइप करतो ते युनिकोड. त्यात 'क' म्हणजे जगातल्या कुठल्याही मशिनवर 'क'च. जुन्या डीटीपी फाँटमध्ये तसं नव्हतं. तिथे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. कुठे अर्धा 'श', कुठे नुसता काना, कुठे वेलांटी. फाँट असेल तर मराठी, नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. वर पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मधली. म्हणजे बाबांचं पुस्तक बघायचं तर बाबांचाच पीसी लागणार!

तो पीसी २०२२ मध्ये घराला रंग काढला तेव्हा भंगारात गेला. पण त्याआधी माझ्या मावसभावाने एक भारी काम करून ठेवलं होतं. दादा जर्मनीत श्टुटगार्टला असतो, सर्व्हर सांभाळणं हेच त्याचं काम. सुट्टीवर आला होता, तेव्हा त्याने बाबांच्या पीसीची अख्खी हार्ड डिस्क जशीच्या तशी एका फाइलमध्ये उतरवून घेतली. मग माझ्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, त्या फाइलला जोडलं, बटण दाबलं... आणि माझ्या स्क्रीनवरच्या एका खिडकीत बाबांचा पीसी सुरू झाला. तोच गणपतीचा वॉलपेपर, तेच 'किरकोळ' नावाचं फोल्डर. आई मागे येऊन उभी राहिली होती. काही बोलली नाही, खुर्ची ओढून बसली फक्त.

वाड्यातला भाडेकरू

व्हर्च्युअल मशिन म्हणजे काय, ते पुणेरी भाषेत सांगते. तुमचा लॅपटॉप हा वाडा. त्यात राहणारी मुख्य सिस्टीम, म्हणजे माझ्या बाबतीत उबुंटू लिनक्स, ही घरमालक. व्हर्च्युअलबॉक्ससारखं सॉफ्टवेअर वाड्यात एक वेगळी खोली काढून देतं आणि तिथे दुसरी सिस्टीम भाडेकरू म्हणून राहते. भाडेकरूला वाटतं, अख्खा वाडा आपलाच! त्याला थोडी मेमरी, थोडी डिस्क, थोडा प्रोसेसर दिला की तो खूश.

आयडिया आजकालची नाही बरं का. आयबीएमने १९६० च्या दशकातच कपाटाएवढ्या मेनफ्रेमवर हे करून दाखवलं होतं आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० नावाने बाजारातही आणलं. आपल्या साध्या पीसीवर हे आलं १९९९ मध्ये, व्हीएमवेअरमुळे. तोपर्यंत पीसीच्या प्रोसेसरला हे जमणं अवघड, असंच समजलं जायचं. पुढे इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये थेट प्रोसेसरमध्येच यासाठीची सोय दिली. इंटेलच्या सोयीचं नाव व्हीटी-एक्स. हे नाव लक्षात ठेवा, पुढे याच्यावरूनच भांडण आहे.

व्हर्च्युअलबॉक्स मूळचं जर्मन. इनोटेक नावाच्या कंपनीने २००७ मध्ये ते ओपन सोर्स केलं. कंपनी वाइनश्टाटची, म्हणजे दादाच्या श्टुटगार्टच्या अगदी शेजारची. २००८ मध्ये ती सनने घेतली आणि २०१० मध्ये सनलाच ओरॅकलने. त्यामुळे दादा त्याला कौतुकाने 'आमच्या गावचं पोर' म्हणतो.

आणि मी लिनक्सवर कशी आले? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तोवर जाहीर झालेलं होतं, आणि माझा २०१६ चा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. फ्रीलान्सरकडे नवा लॅपटॉप घ्यायचे पैसे कधी असतात का? जूनमध्ये दादाने फोनवरून सांगत सांगत उबुंटू २४.०४ टाकायला लावलं. मशिन पळायला लागलं. बाबांची फाइल नुसती उचलून इकडे आणली, एक्सपी सुरू. मी कॉलर ताठ करून सगळ्यांना सांगत सुटले, 'विंडोज? छे, मी लिनक्सवर असते!'

मग आला तो शनिवार.

आपल्याच हाताने...

झालं असं की, रात्री नऊला काम सुरू करण्याआधी अपडेटचा निरोप आला. मी 'हो' म्हटलं. त्यात उबुंटूचा कर्नल ६.११ वरून ६.१४ वर गेला. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. मशिन परत सुरू झालं, सगळं छान. एक्सपीवर क्लिक केलं आणि ती १९०८ वाली चौकट!

आता शहाण्या माणसाने काय करावं? चौकट नीट वाचावी. मी काय केलं? एका ओळखीच्याने कधीतरी पाठवलेल्या कमांड डोळे झाकून टर्मिनलमध्ये चिकटवल्या. एक नाही, नऊ. त्यातल्या एकीने आधीच्या व्हर्च्युअलबॉक्सवर उबुंटूच्या भांडारातलं दुसरं व्हर्च्युअलबॉक्स चढवायला घेतलं. ते अर्ध्यात अडकलं. मग पॅकेजं तुटली आहेत म्हणून तिसरीच ओरड सुरू. तेव्हा वाटलं, जाऊ दे, सगळं साफ करून पहिल्यापासून टाकू. व्हर्च्युअलबॉक्सच्या नावाचं एक फोल्डर होमध्ये दिसत होतं. सिलेक्ट केलं. बोट डिलीटवर.

आणि सहज साइझ बघितली. ३८ जीबी.

एवढं मोठं सॉफ्टवेअर? नाही... हे सॉफ्टवेअर नाही, हे बाबा आहेत.

हात थरथरायला लागले, खोटं नाही सांगत. फोन उचलला.

'एरर बदलली ना? मग बेस्ट!'

जर्मनीत तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. मागून वहिनीचा आवाज येत होता, फोडणीचाही. मी एका दमात सगळं ओकून टाकलं.

"थांब, थांब," दादा म्हणाला. "रडतेयस का?"

"नाही."

"बरं. त्या फाइलची कॉपी आहे का दुसरीकडे कुठे?"

मी गप्प.

"तीन वर्षं झाली ना गं त्याला!"

"दादा, ओरड नंतर. आत्ता सांग."

"आत्ता काहीच करायचं नाही. आधी कॉपी. एक्सटर्नल हार्ड डिस्क लाव, ते अख्खं फोल्डर त्यात टाक. अर्धं नाही, अख्खं. आतलं स्नॅपशॉटचं फोल्डरसुद्धा. ते संपेपर्यंत कीबोर्डला हात लावायचा नाही. चहा घे."

दहा-बारा मिनिटं ती हिरवी पट्टी सरकत होती. तेवढ्यात दादाने मला त्या रात्रीची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली. व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर आणि बाबांची डिस्क-फाइल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सॉफ्टवेअर सिस्टीमच्या फोल्डरांमध्ये असतं, फाइल तुमच्या होममध्ये. सॉफ्टवेअर बिघडलं, काढून टाकलं, तरी फाइल जागेवरच असते. "कुलूप बिघडलंय गं, घर नाही पडलंय. तू कुलूप उघडेना म्हणून घर पाडायला निघाली होतीस."

कॉपी झाली. मला पहिल्यांदा नीट श्वास आला.

"आता पहिला सोपा उपाय. लॅपटॉप सुरू होताना एस्केप दाब, मेनू येईल. त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे जुना कर्नल अजून असेल, ६.११. तो निवड. चाललं तर पीडीएफ काढून मोकळी हो, दुरुस्ती उद्या."

उबुंटू मागचा कर्नल लगेच फेकून देत नाही, ही फारच सोयीची गोष्ट आहे. पण माझं नशीब! जुन्या कर्नलवरही तेच, उणे १९०८.

"म्हणजे भानगड एकच नाहीये," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क आनंद होता. या लोकांचं काही सांगता येत नाही. "आपण एकेक करून काढू. एक लक्षात ठेव, प्रत्येक वेळी एररची ओळ मला अक्षर न् अक्षर वाचून दाखवायची. एरर बदलली की समजायचं, एक पायरी वर आलो."

पायरी पहिली : जुना मिस्त्री, नवा वाडा

व्हर्च्युअलबॉक्सला थेट प्रोसेसरशी बोलायचं असतं. साध्या प्रोग्रामला ती परवानगी नसते. म्हणून ते कर्नलमध्ये स्वतःचा एक तुकडा बसवतं, त्याला मॉड्यूल म्हणतात. हा तुकडा त्या-त्या कर्नलच्या मापानेच शिवलेला लागतो. लिनक्सवाले बाहेरच्या प्रोग्रामसाठीचे नियम मोडत नाहीत, पण कर्नलच्या आतली रचना मात्र बिनधास्त बदलतात. त्यामुळे कर्नल बदलला की मॉड्यूल पुन्हा शिवावं लागतं. बहुतेक वेळा हे आपोआप होतं, आपल्याला कळतही नाही. पण व्हर्च्युअलबॉक्स जुनं आणि कर्नल नवा असेल तर माप जुळत नाही. वर मी दोन व्हर्च्युअलबॉक्स एकमेकांत गुंतवून ठेवलेली!

मग नव्या कर्नलवर परतलो आणि साफसफाई. आधी अर्धवट अडकलेली पॅकेजं सोडवली, त्यासाठी एपीटीला 'फिक्स ब्रोकन' सांगायचं. मग दोन्ही व्हर्च्युअलबॉक्स काढली. (हो, होममधलं फोल्डर जागेवरच होतं. मी तीनदा बघितलं.) मग नावात व्हर्च्युअलबॉक्स असलेलं एकही पॅकेज उरलं नाही ना, याची यादी काढली. कंपायलर, मेक आणि या कर्नलची हेडर्स, म्हणजे शिवणकामाचं सामान, आहे ना ते पाहिलं. आणि शेवटी एकच, ताजं व्हर्च्युअलबॉक्स टाकलं.

"लॉग वाच," दादा म्हणाला.

लॉगमध्ये यंदा शिवणकामाची रड नव्हती. मॉड्यूल तयार झालं होतं. पण लोड करायला गेले तर नवीच ओळ : 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस.'

"वा!" दादा ओरडला. "बदलली!"

पायरी दुसरी : सही कोणाची?

"किल्ली नाकारली म्हणतंय. म्हणजे सिक्युअर बूट चालू आहे. पण जूनमध्ये तर आपण ते बंद केलं होतं. मधे कोणी लॅपटॉप उघडला होता का?"

आणि माझी ट्यूब पेटली. गुरुवारी! लॅपटॉपचं घड्याळ सारखं मागे पडत होतं, म्हणून दुरुस्तीवाल्याकडून मदरबोर्डवरचा तो बटणाएवढा सेल बदलून घेतला होता. सेल काढला की बायोसची सेटिंग मूळपदावर जातात. आणि मूळपदावर सिक्युअर बूट चालू असतं. गुरुवारनंतर एक्सपी उघडलंच नव्हतं, त्यामुळे कळलं नाही. जुन्या कर्नलनेही दगा का दिला, त्याचं निम्मं उत्तर हे. उरलेलं निम्मं म्हणजे माझ्या नऊ कमांड.

सिक्युअर बूट घराघरांत पोचलं ते २०१२ मध्ये, विंडोज ८ च्या सुमारास. कल्पना चांगली आहे. मशिन सुरू होताना ओळखीची सही असलेलाच कोड चालू द्यायचा, म्हणजे व्हायरसला मुळाशी बसता येत नाही. उबुंटूच्या कर्नलवर सही असते. पण माझ्या लॅपटॉपवर आत्ता, रात्री अकरा वाजता शिवलेल्या मॉड्यूलवर कोणाची सही असणार?

"बायोसमध्ये जाऊन बंद करता येतं," दादा म्हणाला, "पण दार सताड उघडं ठेवून झोपण्यापेक्षा स्वतःची किल्ली करून घे."

उबुंटूत यासाठी सोय असते. किल्ली तयार करायची, तिने मॉड्यूलवर सही करायची आणि 'ही किल्ली माझी आहे' असं मशिनला कळवायचं. कळवणाऱ्या प्रोग्रामचं नाव मोकयुटिल. तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो, फक्त एकदाच वापरायचा. मग रीस्टार्ट. सुरू होताना एक निळा स्क्रीन येतो. तिथे 'एनरोल मोक' निवडायचं, तो पासवर्ड द्यायचा, झालं.

मी रीस्टार्ट दिला आणि चहाचा कप ओट्यावर ठेवायला गेले. परत येते तो उबुंटू सुरू!

"निळा स्क्रीन आलाच नाही रे."

"आला असेल. दहा सेकंद थांबतो तो. तू होतीस कुठे?"

"..."

"परत कर पहिल्यापासून. ती विनंती एकदाच धरली जाते."

दुसऱ्या वेळी मी स्क्रीनसमोर योगासनाला बसल्यासारखी बसले. निळा स्क्रीन आला. बटण दाबलं. एनरोल, कंटिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट. तुम्हाला वाटेल, एवढं सविस्तर कशाला सांगतेय? कारण हा स्क्रीन दिसायला इतका भीतीदायक आहे की, निम्मे लोक घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबतात आणि मग आठवडाभर डोकं फोडत बसतात.

मॉड्यूल लोड झालं! एकही ओळ न बडबडता. लिनक्समध्ये शांतता म्हणजे होकार. एक्सपीवर क्लिक केलं. काळी खिडकी उघडली. आणि...

'व्हीटी-एक्स दुसरा हायपरव्हायजर वापरतो आहे' अशा अर्थाची लांबलचक एरर. शेवटी 'व्हीएमएक्स रूट मोड'.

बारा वाजून गेले होते. गँगचे मेसेज थांबले होते. मी टेबलवर डोकं ठेवलं.

"बदलली ना?" दादा.

"बदलली," मी म्हटलं. आणि हसायलाच आलं.

पायरी तिसरी : नळावरचं भांडण

आठवतंय, व्हीटी-एक्स? प्रोसेसरमधली ती खास सोय. ती वाड्यातल्या एकुलत्या एक नळासारखी आहे. एका वेळी एकच हायपरव्हायजर तिचा ताबा घेऊ शकतो. आणि लिनक्सच्या पोटात स्वतःचा एक हायपरव्हायजर आहेच, केव्हीएम. क्युमरानेट नावाच्या इस्रायली कंपनीत तो जन्मला, २००७ मध्ये २.६.२० या आवृत्तीपासून लिनक्समध्ये आला आणि पुढच्याच वर्षी रेड हॅटने ती कंपनी विकत घेतली.

आतापर्यंत हा केव्हीएम फार सज्जन होता. कोणी त्याच्यावर मशिन चालवलं तरच नळ ताब्यात घ्यायचा. पण ६.१२ या कर्नलपासून त्याची सवय बदलली. आता तो लोड होतानाच नळावर हंडा लावून बसतो. माझा कर्नल ६.११ वरून थेट ६.१४ वर गेला होता, म्हणजे हा बदल मला त्याच रात्री पहिल्यांदा भेटला. चूक कोणाचीच नाही. वाड्यात दोघं आले की एवढं व्हायचंच.

"तू केव्हीएम वापरतेस?"

"मला आत्ता कळलं ते काय असतं."

"मग त्याला उठव."

एक ओळ. मॉडप्रोब, उणे आर, केव्हीएम इंटेल. (प्रोसेसर एएमडीचा असेल तर केव्हीएम एएमडी.) परत शांतता. क्लिक.

काळी खिडकी. मग विंडोजचा तो जुना लोगो, खाली सरकणारी निळी पट्टी. मग तो सूर... एक्सपी सुरू होतानाचा. आणि गणपतीचा वॉलपेपर.

रात्रीचे बारा चाळीस. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "बाबांचा कॉम्प्युटर लागला का गं?"

ती जागीच होती.

ही ओळ तात्पुरती असते, मशिन रीस्टार्ट झालं की केव्हीएम पुन्हा नळावर. म्हणून रविवारी सकाळी दादाने कायमचा बंदोबस्त करून घेतला. ग्रबच्या सेटिंगमध्ये, म्हणजे कर्नलला सुरुवातीलाच द्यायच्या सूचनांमध्ये, केव्हीएमचं 'इनेबल व्हर्ट ॲट लोड' शून्य केलं आणि ग्रब अपडेट केलं. म्हणजे केव्हीएम असेल, पण पूर्वीसारखा सज्जन असेल.

लाल पेन

रविवारी पेजमेकर उघडलं. २३ लेख, ९६ पानं. पोस्टस्क्रिप्ट काढली, तिची पीडीएफ केली, ती शेअर्ड फोल्डरमधून उबुंटूत आणली. एकही काना-मात्रा हललेला नव्हता. मला वाटलं होतं, मी एकेक लेख वाचत भावुक वगैरे होईन. प्रत्यक्षात मी फोल्डर कॉपी करत होते. एक कॉपी एक्सटर्नलवर, एक पेन ड्राइव्हवर, एक ऑनलाइन. दादाने प्रत्येकाचा फोटो मागितला. विश्वासच नाही!

आईला प्रिंट काढून दिली, फक्त बघायला. ती लाल पेन घेऊन बसली. पूर्वी दुकानातली प्रुफं तीच तपासायची, हे मी विसरूनच गेले होते. दुपारी चार वाजता तिने मला हाक मारली. पान ११, पान ३४, पान ५८... लाल गोल.

"हे बघ. 'आणि' सगळीकडे दीर्घ. शंभरदा सांगितलं असेल मी त्याला. ऐकेल तर शपथ!"

"मग दुरुस्त करायचं ना?"

आईने पेनाचं टोपण लावलं. जरा वेळ त्या पानाकडे बघत राहिली.

"बाकीचे कर. 'आणि' राहू दे."

सोमवारी पावणेदहाला मी छापखान्यात होते.

चौकट : तुमचंही मशिन बसलं तर...

* आधी कॉपी, मग दुरुस्ती. व्हर्च्युअल मशिनचं अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर घ्या. स्नॅपशॉट असतील तर तेही. त्यातली एखादी फाइल 'नको असेल' म्हणून उडवली तर मशिन कायमचं जाऊ शकतं.
* सॉफ्टवेअर काढून टाकल्याने होममधली मशिनं जात नाहीत. ती फक्त तुमच्या हाताने जातात!
* घाईत असाल तर सुरुवातीच्या मेनूतून मागचा कर्नल निवडून बघा. काम उरकून मग दुरुस्तीला बसा.
* व्हर्च्युअलबॉक्स एकाच ठिकाणाहून घ्या. उबुंटूच्या भांडारातून किंवा मूळ साइटवरून. दोन्ही एकत्र नकोत.
* 'ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड' आलं तर कर्नलची हेडर्स, कंपायलर आणि व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती तपासा. मग सेटअपचा लॉग वाचा.
* 'की रिजेक्टेड' आलं तर सिक्युअर बूट. किल्ली नोंदवा. निळ्या स्क्रीनच्या वेळी चहाला उठू नका.
* 'व्हीटी-एक्स' दुसरा कोणी वापरतोय असं आलं तर केव्हीएम. व्हीटी-एक्स उपलब्धच नाही असं आलं तर बायोसमध्ये ते बंद तर नाही ना, ते बघा.
* एक्सपीसाठीची सुरक्षा अपडेट २०१४ मध्येच थांबली. व्हर्च्युअल मशिनमध्ये ते चालवत असाल तर त्याचं नेट बंद ठेवा.
* जुन्या फाँटमधला मजकूर जमेल तेव्हा युनिकोडमध्ये करून घ्या. मी रोज एक लेख करतेय. 'आणि' दीर्घच ठेवून.